स्काऊट कॅम्प, साहेबाची भीती आणि बापाची भीती

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण त्यात किल्ले नाहीत, तह नाहीत, लढायाही जवळजवळ नाहीत. आज बोलायचंय गळ्यातल्या स्कार्फबद्दल, तीन बोटांच्या सॅल्यूटबद्दल, काठ्या आणि दोऱ्यांबद्दल. बरोबर ओळखलंत. स्काऊट-गाईड.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत हा प्रकार केला असेल. ‘खरी कमाई’च्या दिवशी मैदानात भेळेचा स्टॉल लावला असेल, किती प्लेटा गेल्या त्याचा हिशोब वहीत लिहिला असेल. रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच या गाठी शिकला असाल आणि शाळा सुटल्यावर विसरलाही असाल. शाळेतला एक तास तो. त्यात कसला आलाय इतिहास?

तर ऐका. १९०९ साली भारतात पहिलं स्काऊट पथक निघालं, बंगळूरला. कॅप्टन टी. एच. बेकर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते काढलं. आणि त्यात भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलं. म्हणजे मैदान आपलं, झाडं आपली, शेकोटीची लाकडं आपली, आणि आपली पोरं कुंपणाबाहेर.

का बरं? दोरीला गाठ मारायला शिकवलं तर सरकारचं काय बिघडणार होतं? आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे. पोरांना स्वतःचं स्वतः करता यायला लागलं, की घाबरतं कोण?

आधी ते १९०९ साल जरा डोळ्यांसमोर आणू. आदल्या वर्षी, ऑगस्ट १९०८ मध्ये, खुदीराम बोसला फाशी झाली. वय अठरा. त्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस. आणि २१ डिसेंबर १९०९ ला, आपल्या खानदेशाच्या शेजारी नाशिकमध्ये, विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. अनंतला तेव्हा अठरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. १९ एप्रिल १९१० ला त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं.

आता समजा तुम्हीच त्या काळचे इंग्रज अधिकारी आहात. माग काढणं, नकाशा वाचणं, अंधारात वाट शोधणं, खुणेने निरोप पोचवणं, चार दिवस रानात राहून स्वतःचं जेवण स्वतः करणं. ही विद्या तुम्ही कुणाला शिकवाल? हायस्कुलात जाणाऱ्या हिंदुस्थानी पोराला? साहेबाला धडकीच भरायची. उद्या हाच पोरगा ही विद्या कुणाविरुद्ध वापरेल, याची खात्री कोण देणार?

गंमत अशी, की साहेब स्वतः ही विद्या शिकला बऱ्याच अंशी इथेच. स्काऊटचा जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल १८७६ साली एकोणीस वर्षांचा कोवळा लष्करी अधिकारी म्हणून लखनौला आला. पुढे १८९७ मध्ये एका घोडदळाचा प्रमुख होऊन तो पुन्हा भारतात, मेरठला आला. तिथे त्याने शिपायांना छोट्या छोट्या टोळ्यांमध्ये शिकवायला सुरुवात केली. मोठ्या पलटणीत शिपाई फक्त हुकूम पाळतो, पण टोळीत त्याला स्वतः डोकं चालवावं लागतं, हे त्याने हेरलं होतं. त्यातून १८९९ साली लष्करासाठी एक छोटं पुस्तक निघालं, ‘एड्स टू स्काऊटिंग’.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं आणि हा गृहस्थ माफेकिंग नावाच्या गावात वेढ्यात सापडला. २१७ दिवस. माणसं कमी पडायला लागली तेव्हा गावातल्या गोऱ्या मुलांचं एक पथक केलं गेलं. निरोप ने, पहाऱ्यावर उभं राहा, दवाखान्यात मदत कर, अशी कामं. त्यांचा म्होरक्या बारा-तेरा वर्षांचा होता. पोरांवर जबाबदारी टाकली की पोरं ती पेलतात, हे बेडन-पॉवेलने तिथे पाहिलं. त्याच वेढ्यात आफ्रिकन लोकांच्या वाट्याला जी उपासमार आली, तिच्यावरून इतिहासकार आजही त्याला प्रश्न विचारतात. तीही बाजू लक्षात ठेवा.

मग ऑगस्ट १९०७. इंग्लंडच्या दक्षिणेला ब्राऊनसी नावाचं छोटं बेट. वीसेक मुलं, चार टोळ्या: लांडगे, बैल, कावळे आणि कर्ल्यू नावाचे पाणपक्षी. निम्मी मुलं बड्या घरची, महागड्या शाळांमधली, आणि बाकीची साध्या कामकरी घरांतली. फी दोघांना वेगळी होती. श्रीमंतांच्या मुलांना एक पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. पण तंबू एकच. रात्री एकेक टोळी पाळीपाळीने पहाऱ्याला बाहेर जायची, सोबत पीठ, मांस, बटाटे. तुमचं तुम्ही शिजवा. जगातला पहिला स्काऊट कॅम्प तो. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक भागाभागांत निघालं आणि पोरांनी ते अक्षरशः उचलून धरलं.

पोरींनी तर त्याहून भारी काम केलं. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, तिथे काही मुली बोलावणं नसताना गणवेश घालून हजर झाल्या. आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या! त्यांच्यासाठी १९१० मध्ये वेगळी संघटना काढावी लागली. तिचं नाव गाईड. हे नाव आलं कुठून? आपल्याकडच्या वायव्य सरहद्दीवरच्या ‘कोअर ऑफ गाईड्स’ या पलटणीच्या नावावरून. आणि १९११ मध्ये भारतातली पहिली गाईड कंपनी निघाली ती जबलपूरला.

मंडळी, हे सगळं मी नंतर वाचलं. आधी शिरपूर तालुक्यातल्या एका मैदानावर, डिसेंबरच्या थंडीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन रात्री काढाव्या लागल्या.

झालं असं. माझी लेक पाचवीत आहे. तिच्या शाळेने तीन दिवसांचा स्काऊट-गाईड कॅम्प ठरवला आणि मी सरळ नाही म्हटलं. तिला दमा आहे. थंडी, चुलीचा धूर, कापसाची धूळ, यातलं काहीही तिला पुरतं. आणि आमच्याकडे जिनिंगच्या दिवसांत हवेत कापूस असतोच. घरी तिचा पंप रात्री माझ्या उशाशी असतो. तिला खोकल्याची पहिली उबळ येते तेव्हा मी उठून बसलेला असतो. अशा पोरीला रानात तंबूत झोपवायचं?

घरात दोन दिवस अबोला चालला. शेवटी तोडगा निघाला. शाळेला मदतीसाठी दोन-तीन पालक हवे होते, त्यात मी नाव दिलं. मदतीला म्हणजे नजर ठेवायला, हे बायकोला कळलं, गाईडच्या मॅडमना कळलं, लेकीला तर सगळ्यात आधी कळलं.

ज्यांनी शिरपूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. धुळे जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा तालुका. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, मधून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग. शिरपूर सोडून सेंधव्याच्या दिशेने निघालं की केळी आणि कापसाची शेतं मागे पडतात आणि समोर डोंगराची निळी रेघ दिसायला लागते. त्या पायथ्याशी एका शाळेच्या मैदानावर तंबू लागले होते. मोबाईलला एक काडी रेंज, तीही पाण्याच्या टाकीजवळ.

पोचल्या पोचल्या मॅडमनी नियम सांगितला. “पालकांनी स्वयंपाकाच्या बाजूला थांबायचं. मुलींच्या तंबूंकडे बोलावल्याशिवाय यायचं नाही.” मी खिशातला पंप काढून त्यांच्या हातात द्यायला गेलो. त्या म्हणाल्या, “तो तिच्याकडेच राहू दे भाऊ. कुठल्या खिशात आहे ते तिच्या पेट्रोल लीडरला माहीत असेल आणि मला माहीत असेल. दुसरा माझ्या पिशवीत आहे.”

पेट्रोल लीडर म्हणजे पंपावरचं पेट्रोल नव्हे हां! सहा ते आठ जणांची टोळी म्हणजे पेट्रोल. मुलांच्या टोळ्यांना प्राण्या-पक्ष्यांची नावं, मुलींच्या टोळ्यांना फुलांची. माझी लेक जास्वंदमध्ये. तिची लीडर सातवीतली एक पावरा मुलगी, डोंगराकडच्या पाड्यावरची, शाळेच्या वसतिगृहात राहणारी. उंचीने माझ्या लेकीपेक्षा चार बोटं जास्त. हिच्या भरवशावर?

आणि तिथली भाषाही वेगळीच. एक पोरगा धावत येऊन म्हणाला, “काका, आमचं गॅजेट बघायला या.” मला वाटलं घड्याळ-बिड्याळ असेल. जाऊन बघतो तर चार काठ्या दोरीने बांधून केलेलं चपलांचं स्टँड! स्काऊटच्या भाषेत गॅजेट म्हणजे हे. सकाळी शिट्टी झाली आणि सर ओरडले, “चला, बी. पी. सिक्स!” बेडन-पॉवेलने घालून दिलेले ते सहा व्यायामप्रकार. माझा बी. पी. मात्र आधीच वाढलेला होता.

मग ‘किम्स गेम’ झाला. चादरीवर वीस-बावीस वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघू द्यायच्या, झाकायच्या, आणि आठवून लिहायच्या. हा खेळ आला रड्यार्ड किपलिंगच्या ‘किम’ या १९०१ च्या कादंबरीतून. त्यात किम नावाच्या पोराला इंग्रजांचा हेर बनवण्यासाठी असंच शिकवतात. किपलिंग मुंबईत जन्मलेला. त्याच्याच ‘जंगल बुक’वरून १९१६ मध्ये छोट्या मुलांची ‘कब’ शाखा निघाली. म्हणून आजही कब मुलांचे पुढारी ‘अकेला’ असतात. आणि मोगलीचं ते शिवनीचं रान कुठे आहे? याच सातपुड्यात, आमच्यापासून शेकडो किलोमीटर पूर्वेला. म्हणजे बघा, डोंगर आपला, गोष्ट साहेबाने लिहिली, तिच्यावरून संघटना लंडनमध्ये झाली आणि फिरून ती त्याच डोंगराच्या पायथ्याशी आली.

दुपारी बिनभांड्यांचा स्वयंपाक होता. आमच्या खानदेशी पोरांना त्यात काय अवघड? गोवऱ्यांच्या विस्तवात बट्ट्या भाजल्या, वांगी भाजली. धूर निघाला तसा मी खुर्चीवरून उठलो. लेक वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन कणीक मळत बसली होती. तिला तिकडे कुणी बसवलं, ते मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी वारा सुटला आणि जास्वंदचा तंबू एका बाजूने कलायला लागला. खुंटी सैल झाली होती, मला लांबून दिसत होतं. दोन मिनिटांचं काम. मी निघालो तर स्वयंपाकाला आलेले आबा परातीतून मान वर न करता म्हणाले, “भाऊ, बठा. पोरे करी लेतीन.” बसलो. तंबू पडला. आतून आरडाओरडा, मग हसणं, मग एक शिट्टी. पंचवीस मिनिटं लागली त्यांना. मी असतो तर दोन लागली असती. पण रात्री पुन्हा वारा आला तेव्हा त्यांनी स्वतःहून उठून खुंट्या तपासल्या.

आता परत १९०९ च्या त्या कुंपणापाशी जाऊ. ते तुटलं कसं?

सरकारने ते उघडलं नाही. लोकांनी वाट काढली. १९१३ मध्ये मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी स्काऊटिंग सुरू केलं. नागपूरचे वकील, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले ते. १९१६ मध्ये मद्रासला अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी ‘इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन’ काढली. त्यांच्या मुलांच्या डोक्यावर साहेबी हॅट नव्हती, फेटा होता. गाणी देशी होती. आणि जून १९१७ मध्ये होमरूलच्या चळवळीवरून सरकारने या दोघांनाच स्थानबद्ध केलं! मुलांना गाठी शिकवणारी माणसंच नजरकैदेत. साहेबाच्या मनातला संशय अजून गेलेला नव्हता.

त्याच सुमाराला अलाहाबादला पंडित मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी ‘सेवा समिती’ची स्काऊट संघटना उभी केली. मराठीत या सगळ्या पोरांना एक सुंदर शब्द मिळाला, ‘बालवीर’.

१९२१ च्या सुरुवातीला बेडन-पॉवेल स्वतः भारतात आला. वेगवेगळ्या संघटना एकत्र करायचा प्रयत्न झाला. बेझंटबाईंची संघटना सामील झाली, सेवा समिती बाहेर राहिली. दरवाजा उघडला खरा, पण प्रतिज्ञेत देवाबरोबर राजाही होता. मूळच्या १९०८ च्या स्काऊट नियमांत तर निष्ठा कुणाकुणाशी हवी होती? राजाशी, त्याच्या अधिकाऱ्यांशी, देशाशी, आणि चक्क मालकाशीसुद्धा. सातवा नियम होता, हुकूम पाळायचा, प्रश्न न विचारता.

इथे आपला मूळ प्रश्न जरा गुंतागुंतीचा होतो. पोराला एकीकडे सांगायचं, डोकं चालव, वाट शोध, टोळी सांभाळ. दुसरीकडे सांगायचं, हुकूम आला की विचारू नकोस. दोन्ही एकाच गणवेशात कसं मावणार?

ते मावलं नाही. १९३७ मध्ये दिल्लीच्या जांबोरीला बेडन-पॉवेल पुन्हा आला, आणि भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्याने काढलेल्या उद्गारांवरून वादळ उठलं. अनेक जण संघटनेतून बाहेर पडले आणि १९३८ मध्ये वेगळी ‘हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन’ निघाली. त्या वीसेक वर्षांत पोरांना बोलावणारे पुष्कळ होते. १९२३ मध्ये ना. सु. हर्डीकरांचं हिंदुस्थानी सेवा दल, १९२५ मध्ये नागपूरला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, १९४१ मध्ये एस. एम. जोशींच्या पुढाकाराने नव्याने उभं राहिलेलं राष्ट्र सेवा दल. विचार वेगवेगळे, पण संध्याकाळचं मैदान, शिट्टी आणि रांग सगळीकडे. पोरं कुणाची, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता.

आणि आमच्या जिल्ह्यात त्याचं एक उत्तर पोरांनीच दिलं. तेव्हा धुळे, शिरपूर, नंदुरबार मिळून पश्चिम खानदेश जिल्हा होता. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीष पंधरा वर्षांचा होता. पाठ्यपुस्तकात हा धडा आपण सगळ्यांनी वाचलाय. पण बाप झाल्यावर तो वाचताना मिरवणूक दिसत नाही. घरी ताट वाढून बसलेली माणसं दिसतात.

म्हणून मी बापाच्या भीतीला हसणार नाही. ती उगाच आलेली नसते.

माझ्या भीतीची परीक्षा दुसऱ्या रात्री झाली. दोन वाजले असतील. शेकोटी विझली होती. आम्हा पालकांचा तंबू पन्नासेक पावलांवर. तिकडून खोकला ऐकू आला. शंभर पोरी खोकल्या तरी मला माझी कळते. चप्पल न घालता निघालो. दोरी बांधून केलेल्या हद्दीपाशी पहाऱ्याच्या दोन मुली उभ्या होत्या, टॉर्च आणि शिट्टी घेऊन. एवढ्याशा. एकीने टॉर्च माझ्या तोंडावर मारला. “काका, थांबा. कोण पाहिजे?”

मी लेकीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, “माहीत आहे. ताईने पंप दिलाय. मॅडम आत आहेत. ती बसून आहे, झोपवलेली नाही.”

चार वाक्यं. मला जे विचारायचं होतं ते सगळं त्यात होतं. तरी मी दोरीपाशी उभाच राहिलो. पाय गार पडले होते. आतून कुणीतरी हळू आवाजात आकडे मोजत होतं, छप्पन, सत्तावन, अठ्ठावन. दोन पफच्या मध्ये मिनिटभर थांबायचं असतं. ती पावरा पोरगी मोजत होती. घरी मी कधी मोजलं नाही, अंदाजानेच देतो.

दहा मिनिटांनी मॅडम बाहेर आल्या. “बरी आहे आता. बघून या.” मी वाकून आत पाहिलं. लेक ब्लँकेट पांघरून बसली होती, लीडरच्या खांद्याला टेकून. मला बघून म्हणाली, “पप्पा, तुम्ही झोपा ना.” मी परत आलो. झोप काही लागली नाही, पण परत उठून गेलोही नाही.

यावरून मी असं म्हणत नाही, की पोरांना सोडून द्या, सगळं आपोआप होतं. ते तसं झालं नव्हतं. कुणीतरी आठ दिवस आधी त्या लीडरला बसवून शिकवलं होतं. कुठला खिसा, किती पफ, केव्हा मोठ्यांना उठवायचं. दुसरा पंप मॅडमच्या पिशवीत होता. आधी शिकवायचं, आधार तयार ठेवायचा, आणि मगच मागे सरकायचं. ब्राऊनसीवर रात्रीच्या पहाऱ्याला पोरं पाठवली, त्या आधी त्यांनाही हे सगळं शिकवलेलं होतं.

आणि मागे सरकणं ही एकच रीत आहे असंही नाही. तापीच्या पलीकडे अमळनेरला, १९२४ ते १९३० मध्ये साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. मुलांनी पसारा केला तर गुरुजी ओरडायचे नाहीत, स्वतः अंथरुणं घडी करून ठेवायचे. मुलं लाजून स्वतः करायला लागायची. आमच्या मॅडम खुंटीला हात लावत नाहीत, गुरुजी स्वतः हात लावायचे. दिशा उलटी वाटते, पण पोर आज ना उद्या स्वतः करील, हा भरवसा दोघांकडेही आहे.

तो भरवसा १९०९ च्या साहेबाकडे नव्हता. त्याला भीती वाटायची की ही पोरं फार काही करू शकतील. बापाला भीती वाटते की आपलं पोर काहीच करू शकणार नाही. भीती अगदी उलट्या, पण दोघंही एकच गोष्ट करतात. पंप स्वतःच्या खिशात ठेवतात. फरक एवढाच की साहेबाला तो कायमचा ठेवायचा होता. बापाला कधीतरी द्यावाच लागतो, आणि केव्हा द्यायचा हे ठरवणं हेच बापाचं काम.

स्वातंत्र्यानंतर या गोष्टीचा शेवट गोड झाला. ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गाईडही त्यात आल्या. प्रतिज्ञेतून राजा गेला, देश राहिला. ‘ईश्वर’ म्हणायचं नसेल तर ‘धर्म’ म्हणायची मोकळीक मिळाली. आणि नियमांत एक बदल झाला, तो मला फार आवडतो. प्रश्न न विचारता हुकूम पाळायचा, याच्या जागी आज काय आहे? स्काऊट शिस्तप्रिय असतो आणि सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण करायला मदत करतो. पूर्वी पोर हुकूम देणाऱ्याला बांधील होतं. आता ते एसटीला, शाळेच्या बाकाला, नदीवरच्या पुलाला बांधील आहे. स्वातंत्र्य आल्यावर काय बदललं, असं कुणी विचारलं तर मी त्याला हे एक वाक्य दाखवीन.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. घरात किंवा गल्लीत पंच्याऐंशी-नव्वदीचे आजी-आजोबा असतील, तर त्यांना विचारा, तुम्ही बालवीर होता का? असतील तर पुढचा प्रश्न विचारा, तुमच्या प्रतिज्ञेत राजाचं नाव होतं का, आणि ते केव्हा गेलं? फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. प्रतिज्ञेत राजा म्हटलेली आणि मग तो गाळलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. त्यांचा आवाज आत्ताच जपून ठेवायला हवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या. आणि ती रीफ नॉट आठवते का, तेवढं एकदा बघा. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर.